बी.एस्सी.ची प्रयोगशाळा उघडी आहे का?

बारावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यात एकच बोलणं सुरू होतं. नीटला जमलं नाही, सीईटीत मार्क कमी पडले, मग पोराला 'टाकलं' बी.एस्सी.ला. हा 'टाकलं' शब्द आम्हाला खटकतो. पाण्याची पाळी कधी आली, खताची किती पोती पडली, याचा हिशेब शेतकऱ्याच्या तोंडपाठ असतो. पोरीनं वर्षभरात किती प्रॅक्टिकल केली, हे मात्र कुणी विचारत नाही.

वास्तविक भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शेतकऱ्याला परके नाहीत. जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्बाचा आकडा असतो. तो काढण्याच्या प्रचलित रीतीत मातीत पोटॅशियम डायक्रोमेट घालतात आणि कर्बाने खाऊन उरलेलं ब्यूरेटने मोजतात. डायक्रोमेटचं हेच टायट्रेशन बी.एस्सी.त शिकवतात. पालाश मोजायला फ्लेम फोटोमीटर, ठिबकच्या पाण्यातले क्षार मोजायला कंडक्टिव्हिटी मीटर. ही दोन्ही यंत्रंही त्याच टेबलावरची. ग्रामपंचायतीच्या टाकीत पडणाऱ्या टी.सी.एल. पावडरीचंही तसंच. ताज्या मालात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पिशवी उघडी राहिली की तो उडून जातो. किती उरला हे शोधणं हा बी.एस्सी.चा साधा प्रयोग आहे. (पिशवी कधी फोडली, हे मात्र शिपायालाच ठाऊक!)

आता हिंगोलीकडे बघा. औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांतून लेसरचा किरण जाऊन परत येणार. मुळात हा मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर, फक्त अवाढव्य. त्याचा लहान भाऊ कॉलेजच्या कपाटात असतो. पण अनेक ठिकाणी ते कपाट परीक्षेच्या आठवड्यातच उघडतं, आणि जर्नल मागल्या वर्षाच्या पोरांचं बघून उतरवलं जातं. अशानं मराठवाड्याच्या पोरांना तिथं फाटकावरचीच कामं मिळतील. आतली कामं बाहेरचे येऊन करतील.

नुसत्या बी.एस्सी.वर नोकरी मिळते, असं आम्ही म्हणणार नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, औषध कंपनीत काहींची सोय लागते. पुढे एम.एस्सी. करायचं तर आय.आय.टी.ची 'जॅम' परीक्षा आहे, दरवर्षी फेब्रुवारीत होते. ती इंग्रजीत असते, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच इंग्रजी पुस्तक हाताळावं लागतं. गाईडवर भागत नाही. ही परीक्षा असते हेच कित्येक पोरांना तिसऱ्या वर्षी कळतं, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं.

गावच्या कारभाऱ्यांना इथं करण्यासारखं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना क्रेडिट ठेवलेत. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, यांनी कॉलेजला एक पत्र द्यावं: आमच्या विहिरींचं, बोअरचं पाणी आणि टी.सी.एल. तुमच्या पोरांकडून तपासून द्या. सरकारी तपासणी तिच्या जागी राहील, पण पोरांचा हात बसेल आणि गावाला आकडे मिळतील. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते, तिच्यात स्थानिक सदस्यही असतात. तुमच्या ओळखीचं कुणी तिथं असेल तर रसायनं कधी आली, काचसामान किती फुटलं, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे त्याला विचारायला लावा.

आणि प्रवेशाच्या दिवशी बापाने फी भरून लगेच एस.टी. पकडू नये. प्रयोगशाळा दाखवा म्हणावं. गॅस चालू आहे का, नळाला पाणी आहे का, एका ब्यूरेटमागे किती पोरं, हे बघायला शिक्षण लागत नाही. पटलं नाही तर शेजारच्या तालुक्याचं कॉलेज बघून मग अर्ज भरावा. एस.टी.चा पास तिकडचाही निघतो.