आरशात न दिसणारा चेहरा

गेली दोन वर्षे कॉलेज सुटल्यावर मी बेळगावच्या खडेबाजारातील एका चष्म्याच्या दुकानात काम करतो. "फ्रेम दाखवायला कसली आलीय अक्कल?" असे वर्गमित्र म्हणतात. पहिल्या दिवशी मलाही तसेच वाटले होते.

दुकानातील नव्या फ्रेमला नंबरची काच नसते. त्यामुळे ज्याचा नंबर उणे सहा-सात आहे, त्याने जुना चष्मा उतरवून नवी फ्रेम चढवली, की आरशातला स्वतःचाच चेहरा त्याला धूसर दिसतो. मग तो आम्हाला विचारतो, "कशी दिसते?" म्हणजे पैसे त्याचे, नाक त्याचे आणि डोळे मात्र आमचे! कन्नडमध्ये आरशाला 'कन्नडी' व चष्म्याला 'कन्नडक' म्हणतात. शब्द शेजारी-शेजारी, पण चष्मा उतरला, की आरसा निकामी.

गेल्या दिवाळीत एक ताई आल्या. नंबर उणे सात. त्यांनी मोठी, चौकोनी, महाग फ्रेम लावून विचारले, "बरी दिसते काय रे?" मी "झकास!" म्हणालो. काचा बसल्यावर पाहतो तो कडा जाडजूड, आणि वजनाने चष्मा नाकावरून घसरतोय. ताई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बघून सांग म्हटलं होतं की तुला!"

तो शब्द मला लागला. उणे नंबरची काच मध्ये पातळ व कडेला जाड असते. फ्रेम जितकी रुंद, तितकी कड जाड. हे मला ठाऊक होते. काडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात : काचेची रुंदी, दोन काचांमधले नाकावरचे अंतर आणि काडीची लांबी, सारे मिलिमीटरमध्ये. ते मी वाचले असते, तर पुरे होते.

"गिऱ्हाइकाला आवडेल ते द्यावे, आपण कशाला बोलावे?" असे धंद्यातले जुने लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पसंती गिऱ्हाइकाची, हे खरे. पण जे त्याला दिसत नाही, ते सांगणे आमच्याकडे लागते. आता मी नवी फ्रेम लावलेल्या गिऱ्हाइकाचा मोबाइलवर फोटो काढतो आणि जुना चष्मा चढवून तो पाहायला सांगतो. कड किती जाड होईल, तेही आधीच सांगतो. कधी त्यामुळे महागाऐवजी स्वस्त फ्रेम खपते, आणि मालकांच्या कपाळाला आठी पडते. पडो!

मित्रहो, पुढच्या वेळी दुकानात "छान दिसते का?" असे विचारू नका. "माझ्या नंबराला ही चालेल का?" असे विचारा. आणि उत्तरादाखल नुसते "झकास" ऐकू आले, तर खुशाल शेजारच्या दुकानाची पायरी चढा.