शिबिरात बोलणार कोण?



अपंगांविषयी जागृती करायची म्हणून आपल्याकडे शिबिरं होतात. बाहेरून साहेब येतात, तक्ता लावतात, कायद्यातले २१ प्रकार वाचून दाखवतात. आपल्यातला अपंग माणूस पुढं बसवतात, त्याचा फोटो काढतात. जेवण झालं की जीप गेली. तू बोल, असं त्याला कोणी म्हणत नाही. आमचं म्हणणं, शिकवायला तोच उभा राहिला पाहिजे.

का ते सांगतो. दिवाळी झाली की आपण कातकरी लोक वीटभट्टीवर, कोळशावर जातो ते पावसाच्या तोंडाला परततो. वाडीत मागं राहतात म्हातारी माणसं, आणि ज्याला चालवत नाही, दिसत नाही तो. एवढ्या महिन्यांत आपल्या तुकड्यावर कोण आलं, तार कोणी ओढली, गार्ड काय बोलून गेला, ते त्यालाच ठाऊक. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमात दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. डोळ्यांनी अधू म्हाताऱ्याला बांध कुठून कुठवर ते पायानं कळतं. त्याचा जबाब किती वाड्यांनी घेतला?

दुसरं, लग्न न झालेली अपंग बहीण स्वतः जमीन कसत असली तरी तिचं नाव भावाच्या दाव्यात बुडतं. पट्टा नवरा-बायकोच्या नावे होतो हे खरं, पण एकटं माणूस घर चालवत असेल तर त्याच्या एकट्याच्या नावेही होतो. हे तिनंच सभेत सांगितलं तर चार बाया ऐकतील.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना सरकारी शेतजमीन आणि घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के राखीव आहे, त्यात बायांना आधी. त्याच कायद्याचं ४७ वं कलम म्हणतं, पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात हा विषय पाहिजेच. आपल्या सदस्याला विचारा, झाला का?

आणि हाका मारणं बदला. लंगड्या, मुकी, आंधळा ही काय नावं झाली? (सरकारनं दिव्यांग शब्द दिला. आपण आईबापानं ठेवलेलं नाव घेतलं तरी पुरे.)

भट्टीवर जायच्या आधी प्रत्येक वाडीनं आपल्यातली दोन अपंग माणसं निवडावी, त्यातली एक बाई. बैठक वाडीतच घ्या, पायऱ्या चढून जायच्या हॉलात नको. मुक्या माणसाच्या हातखुणा ज्याला कळतात त्यालाही सोबत बोलवा. शिकवणाऱ्याला त्या दिवसाची रोजी द्या, साहेबाला भत्ता मिळतोच.