जुन्या पिकअपची निगा

कल्याण, मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भाजीपाला बाजारांत पोहोंचविण्याचें काम पूर्वीं बैलगाडी करीत असे. आतां तें पिकअप मोटार करते. बैलाला वेळेवर पाणी दाखविण्यास न चुकणारा आमचा शेतकरी बंधु मोटारीचें झांकण मात्र ती रस्त्यांत बंद पडल्याखेरीज उघडीत नाहीं, हें पाहून आम्हांस खेद होतो. "गाडी जुनी झाली, विकून टाका, नवीस कर्ज मिळतें," असें सांगणारे हल्लीं गांवोगांव भेटतात. आमचें मत निराळें आहे. आमच्या पाहण्यांतील बहुतेक जुन्या गाड्या धन्याच्या उतावळेपणानें गेल्या.

दि. २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीस महापूर आला, तेव्हां आमच्या एका आप्तांची गाडी रात्रभर पाण्यांत उभी होती. पाणी ओसरतांच त्यांनीं किल्ली फिरविली. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरमध्यें शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला, कनेक्टिंग रॉड वांकला, आणि धुऊन, ऑइल बदलून कदाचित् चालती झाली असती ती गाडी भंगारांत गेली. आम्ही जवळच उभे होतों व आम्हांसही तें ठाऊक नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. कल्याण-मुरबाड रस्त्यावरील रायते पुलाशीं पाणी चढलें कीं ती सकाळ अजून आठवते. बुडालेल्या गाडीच्या बॅटरीची ऋण बाजूची तार आधीं सोडावी, व ती सुरू न करितां ओढूनच मिस्त्रीकडे न्यावी.

रोजचें काम दहा मिनिटांचें आहे. इंजिन थंड असतां, गाडी सपाट जागीं उभी करून ऑइलची दांडी काढावी, पुसावी, पुन्हां घालून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्यें असावें. तें दुधासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें असें समजून गाडी हलवूं नये. रेडिएटर गरम असतां त्याचें झांकण कदापि उघडूं नये. त्यांत बोअरचें पाणी ओतण्याची चाल तर फारच वाईट. त्यांतील क्षार नळ्यांत धरतो व गाडी तापूं लागते. कुलंटच घालावें.

धूर हा गाडीचा जबाब आहे. काळा धूर सतत येत असेल तर एअर फिल्टर धुळीनें भरला, अथवा माल बेताबाहेर भरला. निळा आल्यास ऑइल जळत आहे. पावसाळ्यांत डिझेल फिल्टरच्या तळाचा पेंच सैल करून सांचलेलें पाणी काढावें. टांकी कोरडी होऊं देऊं नये; नळींत हवा शिरली म्हणजे ती हातपंपानें काढीपर्यंत इंजिन सुरू होत नाहीं, आणि तोंवर भेंडी कोमेजते.

माळशेज घाटानें जाणाऱ्यांनीं ब्रेककडे विशेष लक्ष द्यावें. ब्रेकचें तेल कमी होत असेल तर वरून ओतून समाधान मानूं नये; एक तर तें कोठें गळत आहे, नाहीं तर लायनर झिजले आहेत. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्या ओलाव्याची वाफ होऊन पायाखालचें पेडल पोकळ लागतें. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें, व घाट खालच्या गिअरांत उतरावा. येथें काटकसर करणाराशीं आमचें मुळींच जमत नाहीं.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत गेलें, म्हणून वहीचें वेड आम्हांस आहे असें मित्र म्हणतात. म्हणोत. गाडींत शंभर पानी वही ठेवून ऑइल, फिल्टर, बेल्ट कोणत्या तारखेस व किती किलोमीटरवर बदलले तें लिहावें. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस दरसाल योग्यता प्रमाणपत्र घ्यावें लागतें. काय राहून गेलें हें त्या वेळीं वही पाहतांच कळतें. सातबारा जपणाराला हें जड वाटूं नये.

चेसिस गंजून भोंकें पडलीं असतील, तर मात्र गाडी काढून टाकावी. तेथें वेल्डिंगचें ठिगळ आम्ही सुचविणार नाहीं. बाकीच्यांनीं मृगापूर्वीं तळचा चिखल धुवावा, पाट्यांस ग्रीस द्यावें, आणि बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी कोमट पाण्यानें काढून व्हॅसलीन लावावें. एका रविवारचें काम आहे.