यंत्राची परीक्षा, यंत्राचीच प्रश्नपत्रिका

दिवाळीच्या सुटीत परीक्षेचा विषय काढणे हे पापच. पण ही परीक्षा मुलांची नव्हे, संगणकाच्या प्रोग्रामची आहे. तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट दूर सारू नये.

प्रोग्राम लिहिण्यापूर्वी त्याने काय काय करावे याची यादी करतात. समजा, तीत एक कलम आहे: 'अर्जदाराचे वय 18 ते 60 असावे.' एवढ्यावरून दुसरा प्रोग्राम आपण होऊन प्रश्नपत्रिका काढतो. 17 घालून पाहा, 18 घाला, 60 घाला, 61 घाला! चूक बहुधा कुंपणाशीच दडलेली असते, हे त्याला पढवलेले असते. 'होय-नाही' अशा 10 अटी असल्या, तर त्यांच्या 1,024 जुळण्या होतात. विसाव्या जुळणीला माणूस जांभई देईल. यंत्र देत नाही. शिवाय दोन कलमे परस्परांशी भांडत असतील, तर ते भांडण प्रश्न काढतानाच पुष्कळदा चव्हाट्यावर येते. हा लाभ लहान नव्हे.

मग परीक्षक माणसाला कायमची रजा द्यावी काय? जरा थांबा. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपचा एरियान-5 अग्निबाण प्रथमच उडाला. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे 37 सेकंदांनी त्याची दिशा सांगणारी दोन्ही यंत्रे बंद पडली. बाण भरकटला आणि आकाशातच फुटला. पोटातले चार उपग्रहही गेले.

झाले होते असे. त्या यंत्रांतला प्रोग्राम जुन्या एरियान-4 वरून घेतलेला. नव्या बाणाचा आडवा वेग फार अधिक. त्यातून निघालेला आकडा 16 बिटांच्या खणात मावेना. तिथे मोठ्यात मोठा आकडा बसतो 32,767! गंमत अशी, की ते गणित उड्डाणानंतर मुळी लागतच नव्हते. चौकशी समितीला आढळले, की नव्या बाणाचा मार्ग त्या यंत्राच्या मागण्यांत घातलेलाच नव्हता.

आता सांगा, त्या यादीवरून यंत्राने हजार प्रश्न काढले असते, तरी या मार्गाविषयी एक तरी निघाला असता काय? प्रोग्राम शंभरापैकी शंभर गुण घेऊन पास झाला असता!

म्हणून प्रश्न खुशाल यंत्राने काढावेत. त्यात जे तास वाचतील, ते मात्र चार जाणत्या माणसांनी ती यादी पुढ्यात घेऊन, 'यात काय लिहायचे राहिले?' असे एकमेकांना विचारण्यात घालवावेत.