दीडपट हवेचा हिशेब

चंडीगडच्या सेक्टर ३४ मध्ये संध्याकाळी शिकवण्या सुटतात, तेव्हा पदपथ मुलांनी भरून जातो. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची तयारी करणारी ही मुले पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून आलेली असतात. याच वर्दळीत एका विद्यार्थ्याने मला थांबवून एक प्रश्न विचारला. त्याच्या थोरल्या भावाकडे जुना डिझेल पिकअप आहे, टर्बो नसलेला. भावाला त्यावर टर्बोचार्जर बसवून घ्यायचा आहे. मिस्त्री तयार आहे, सुटे भागही जमले आहेत. मुलाचा प्रश्न एवढाच होता: "सर, हवेचा दाब दीडपट झाला म्हणजे ताकदही दीडपट होणार ना?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर केवळ भौतिकशास्त्राच्या वहीत मावत नाही. म्हणून ते येथे सविस्तर मांडतो.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश ऊर्जा तप्त वायूंबरोबर एक्झॉस्टवाटे वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. तिचे पेटंट १९०५ सालचे. टाकाऊ वस्तूतून उपयोगी काम काढण्याची ही युक्ती सुंदर आहे यात शंका नाही. लेह-लडाखच्या रस्त्यांवर जेथे हवेचा दाब मैदानी प्रदेशाच्या दोन तृतीयांशावर येतो, तेथे मालाने भरलेले ट्रक चढ चढू शकतात याचे बरेचसे श्रेय या यंत्राला आहे. तेव्हा माझा आक्षेप टर्बोचार्जरला नाही.

आता त्या दीडपटीकडे वळू. हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तोच हा अनुभव. बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस असेल, दाब दीडपट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा सुमारे ९० अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा प्रसरण पावते. परिणामी दाब ५० टक्क्यांनी वाढला तरी सिलिंडरमध्ये शिरणारी हवा वाढते ती जेमतेम २८ टक्क्यांनी. मध्ये इंटरकूलर बसवून हवा ५० अंशांपर्यंत थंड केली, तर हा आकडा ४३ टक्क्यांपर्यंत जातो. इंटरकूलरविना बसवलेला टर्बो आपल्याला दीडकीचे आश्वासन देतो आणि हाती सवायकी ठेवतो.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डिझेल इंजिनात जादा हवा शिरली म्हणून ताकद आपोआप वाढत नाही. जादा डिझेलही द्यावे लागते. जुन्या यांत्रिक इंधनपंपावर हे काम एका स्क्रूने होते, आणि हा स्क्रू किती फिरवायचा हे बहुधा कानाच्या आणि धुराच्या अंदाजाने ठरते. इंधन हवेच्या मानाने जास्त झाले की काळा धूर निघतो, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि पिस्टनचा माथा वितळू लागतो. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो; तेलपुरवठा अपुरा पडला तर तो थर तुटतो आणि दांडा निकामी होतो. गॅस्केट, बेअरिंग, क्लच, गिअरपेटी, रेडिएटर हे सारे मुळात कमी भारासाठी घडवलेले असतात. टर्बो हा एकटा येणारा पाहुणा नव्हे. तो आला की सगळ्या घराची व्यवस्था बदलावी लागते.

हे काम अशक्य आहे असे मात्र नाही. आपल्याच पुण्याचे उदाहरण पाहा. टेल्कोने १९८८ साली टाटामोबाइल हा पिकअप आणला; त्याच्या पायावर १९९१ साली सिएरा उभी राहिली. १९४८ घन सेंटिमीटरचे तिचे डिझेल इंजिन टर्बोविना साठीच्या घरात अश्वशक्ती देत असे. पुढे त्याच दशकात त्याच आकारमानाच्या इंजिनाची टर्बो आवृत्ती आली आणि आकडा नव्वदीच्या जवळ पोहोचला. म्हणजे जवळजवळ दीडपट! मुलाचे गणित येथे खरे ठरले. पण ते खरे ठरवण्यासाठी आरेखन, चाचणी आणि दुरुस्ती यांची आवर्तने करणारी सबंध संस्था मागे उभी होती.

तरीही मोठ्या कंपनीचा अंदाज चुकू शकतो. अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो असलेली पेट्रोल मोटार बाजारात आली. तिच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२५ इतके चढे ठेवलेले होते. त्यावर टर्बोचा दाब आल्यास पेट्रोल अवेळी पेट घेऊन इंजिन ठोके देऊ लागेल, म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारण्याची सोय केली गेली. मालकांनी ती टाकी वेळोवेळी भरावी अशी अपेक्षा होती. अनेकांनी ती भरली नाही. १९६३ नंतर हे मॉडेल बंद झाले. भौतिकशास्त्र चुकले नव्हते. माणूस रोज काय करील याचा अंदाज चुकला होता.

आणि आता रस्ता. पिकअपचा वेग ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर त्याची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पचवायची जबाबदारी ब्रेकवर येते, आणि ब्रेक तर पूर्वीचेच असतात. जेथे लाभ हवा तेथे दीडाचे सव्वा होते आणि जेथे धोका आहे तेथे दीडाचे सव्वादोन होते. हा हिशेब मिस्त्रीच्या पावतीवर कधीच लिहिलेला नसतो. इंजिन फुटले तर नुकसान मालकाचे. ब्रेक कमी पडले तर नुकसान त्या पदपथावरून वही छातीशी धरून जाणाऱ्या मुलीचे, जिने या व्यवहाराला संमती दिलेली नाही.

कायदा याबाबत कठोर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या बंधनामागचा हेतू मला मान्य आहे. पण केवळ बंदीने कुतूहल मरत नाही; ते गल्लीबोळातल्या शेडमध्ये जाऊन बसते. शेजारच्या हरियाणातील मंडी डबवालीचे नाव जुन्या जीप नव्याने बांधण्यासाठी सर्वदूर झाले आहे. अशा ठिकाणच्या कारागिरांचे हात कुशल असतात. त्यांच्यापाशी नसते ती मोजमापाची साधने आणि ती वापरण्याची सक्ती.

मग मार्ग कोणता? तो आपल्या व्यवस्थेत आधीच आहे. पेट्रोलच्या मोटारीवर सीएनजी संच बसवायचा असेल तर त्या संचाला पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते. तो अधिकृत केंद्रातच बसवावा लागतो आणि नोंदणीपत्रात त्याची नोंद होते. ज्वलनशील वायूची टाकी मोटारीत बसवण्यासाठी आपण शिस्तबद्ध वाट आखू शकलो, तर इंजिनाच्या क्षमतेतील मर्यादित बदलासाठीही ती आखता येईल. अट एकच असावी: इंजिन, धूर आणि ब्रेक यांची चाचणी एकत्र व्हावी, आणि तिच्यात जो बदल उत्तीर्ण होणार नाही तो रस्त्यावर येऊ नये. हा मार्ग खर्चिक होईल हे खरे. कदाचित हिशेब पाहून बहुतेक जण तो नाद सोडतील, आणि तेही चांगलेच होईल. पण तो निर्णय आकडे पाहून झालेला असेल.

त्या मुलाला मी वहीवर हे गणित करून दाखवले. भावाला सांग, म्हटले, की आज तरी हा बदल कायद्यात बसत नाही आणि त्याच्या ब्रेकांनाही पेलणारा नाही. तू मात्र प्रश्न सोडू नकोस. अभियांत्रिकीला गेलास तर प्रयोगशाळेतील डायनोमीटरवर इंजिन बांध, एक्झॉस्टचे तापमान मोज, एखादे इंजिन वितळवायचे झाले तर तेथे वितळव. तेथे पदपथ नसतो. त्याने वही घेतली, थोडा वेळ आकड्यांकडे पाहिले आणि विचारले, "इंटरकूलर मोठा केला तर किती होईल?" योग्य जागी विचारलेला हा योग्य प्रश्न होता.

वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती. आपल्या महाविद्यालयात इंजिन-चाचणीची प्रयोगशाळा आहे का, आणि असल्यास ती विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या प्रयोगांसाठी वर्षातून किती दिवस उघडी असते, हे खाली अवश्य लिहा. मिस्त्रीच्या शेडला पर्याय हवा असेल, तर त्या कुलपापासूनच सुरुवात करावी लागेल.