गोडा मसाला

गोडा मसाला हें नांव ऐकून परप्रांतीय पाहुण्यास त्यांत साखर असावी असें वाटतें. वस्तुतः त्यांत साखरेचा कणही नसतो. तिखटपणा मंद आणि सुवास अधिक, म्हणून तो 'गोडा'. कित्येक घरीं यासच काळा मसाला म्हणतात. दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र व नागकेशर या चौकडीस आयुर्वेदांत 'चातुर्जात' अशी संज्ञा आहे; तीं द्रव्यें या मसाल्यांत पडतात. दगडफूल म्हणजे तेथील 'शैलेय'. आमटी, उसळ, भरलीं वांगीं, मसालेभात, या सर्वांस एकच बरणी पुरते, हा तिचा मोठा गुण होय.

आम्ही भाईंदरास राहतों. येथून पश्चिमेस उत्तन-डोंगरीकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबें आहेत. त्यांचा 'बाटली मसाला' उन्हाळ्यांतच कुटला जातो, आणि उजेडानें त्याचा रंग व वास उडूं नये म्हणून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. त्यांत लाल मिरचीचें राज्य असतें. ती मिरची सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर या देशीं आली. वसईचा हा मुलूख १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याच ताब्यांत होता. पदार्थ निराळे खरे, परंतु पावसाळ्यापूर्वीं वर्षाची बेगमी करण्याची रीत दोन्हींकडे एकच.

आमच्या घरीं हें काम वैशाखांत वहिनींकडे असे. अर्धा किलो धने, पाव किलो सुकें खोबरें, त्याच्या निम्मे तीळ, त्याहून कमी जिरें आणि बाकीचे सुगंधी जिन्नस थोडथोडे, असें त्यांचें माप ठरलेलें होतें. परंतु खरें माप तराजूंत नव्हतें, नाकांत होतें. प्रत्येक जिन्नस निराळा भाजावा लागतो. तीळ तडतडूं लागतांच उतरावे. दगडफूल क्षणांत करपतें. खोबऱ्यास मात्र वेळ द्यावा, कारण त्यांत ओल राहिली तर सगळी बरणी खवट होते. धने केव्हां उतरावे, हें वहिनी कढईकडे पाठ करूनही सांगत.

२०२१ सालच्या कोरोनाच्या साथींत वहिनी आजारी पडल्या. दुखण्यांतून उठल्या, पण वास गेला तो गेलाच. पुढच्या वैशाखांत नेहमीप्रमाणें कढई चढली. धने करपले, तें त्यांस कळलें नाहीं. घरांत कोणी बोललें नाहीं. महिनाभर आम्हीं सर्वांनीं कडवट आमटी मुकाट्यानें भुरकली. शेवटीं आमच्या नातवानेंच विचारलें, "मोठी आजी, हल्लीं आमटी अशी कां लागते?" वहिनी पानावरून उठून आंत गेल्या.

आयुष्यभर मुलांस सत्य बोलण्याचे धडे आम्हीं दिले. आमच्या त्या मौनास आम्ही दया समजत होतों. तो निव्वळ भित्रेपणा होता. वहिनींना दुःख झालें तें वास गेल्याचें नव्हे, सर्वांनीं तें आपणांपासून लपविलें याचें.

आमची सून नोकरी करते. तिनें बाजारांतून पुडी आणली असती तर कोणी दोष दिला नसता. तयार मसाल्यानें अनेक घरांची सोय झाली आहे. परंतु ती वही घेऊन वहिनींजवळ बसली. म्हणाली, "काकू, तुम्ही डोळ्यांनीं पाहून सांगा, वास मी घेतें." धन्याचा रंग कोठवर येऊं द्यावा, भाजलेलें खोबरें बोटांत कसें चुरतें, सर्व जिन्नस निवल्यावांचून कां दळूं नयेत, तें सर्व लिहिलें गेलें. दोन वेळां चुकलें. तिसऱ्या वेळीं जमलें.

वाचकांस आमचें सांगणें एवढेंच. घरांत ज्यांच्या हातास चव आहे, त्यांचें माप त्यांच्याजवळ बसून आजच लिहून घ्यावें. आणि आमटी बिघडली असेल तर पहिल्याच दिवशीं, चारचौघांत नव्हे, एकीकडे जाऊन प्रेमानें सांगावें. आमच्या घरीं आतां वैशाखांत कढईपाशीं दोघी असतात, आणि भाजणें थांबवायचें केव्हां यावर त्यांचा वादही होतो. तो आम्हांस गोड वाटतो.