पाळीव ॲक्सोलॉटल आणि माळव्याचा उन्हाळा

अलीकडे आमच्या वर्गातील मुलांच्या बोलण्यात एका परदेशी प्राण्याचे नाव वारंवार येऊ लागले आहे. माइनक्राफ्ट या संगणकावरील खेळात २०२१ साली त्याने प्रवेश केला. तेव्हापासून मुखावर सदैव स्मित घेऊन फिरणारा आणि मानेशी पिसांसारखे कल्ले मिरविणारा हा ॲक्सोलॉटल मुलांच्या मनात घर करून बसला आहे. त्याने मनात घर केले, तेथवर कोणाची हरकत नाही. परंतु आता त्याला खऱ्या घरात आणण्याचा हट्ट सुरू झाला आहे. त्या हट्टाविषयी विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द मोकळेपणाने बोलावेत, असे आम्हांस वाटते.

हा प्राणी मासा नव्हे. आम्ही कोंकणी भाषक ज्याला ‘बेबो’ म्हणतो, त्या बेडकाचा हा दूरचा भाऊबंद, म्हणजे उभयचर होय. बेडकाचे पिल्लू मोठे होताना कल्ले टाकून जमिनीवर येते. हा मात्र कल्ले तसेच राखून बहुधा जन्मभर पाण्यातच राहतो व बालरूपातच प्रौढ होतो. त्याचा तुटलेला पाय पुन्हा फुटतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्याचे मोठे कुतूहल आहे. १८६४ साली मेक्सिकोतून असे ३४ प्राणी पॅरिसला नेण्यात आले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो सुखाने वाढतो. पण मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को येथील कालव्यांत, त्याच्या मूळ घरी, १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६००० असलेली त्याची संख्या २०१४ साली सुमारे ३६ वर आली.

त्याचे पिल्लू निरोगी राखावयाचे, तर काय काय करावे लागते? प्राणी आणण्यापूर्वी काही आठवडे टाकी तयार ठेवावी लागते. कारण त्याच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे सौम्य क्षारांत रूपांतर करणारे सूक्ष्म जीव गाळणीत वाढण्यास तेवढा अवधी लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढावे लागते. तळाशी बारीक खडे घालू नयेत. ते गिळले गेल्यास आतडे तुंबते. अगदी लहान पिलांना पाण्यातील हालते, जिवंत सूक्ष्म खाद्यच लागते. शिवाय ती एकमेकांचे पाय व कल्ले कुरतडतात, म्हणून त्यांना वेगवेगळे ठेवणे श्रेयस्कर. त्याला पापण्या नसल्यामुळे प्रखर उजेड सोसत नाही आणि त्वचा नाजूक असल्यामुळे त्याला हाताळू नये.

इतके सारे एखादा कष्टाळू विद्यार्थी करीलही. खरी अडचण निराळीच आहे. या जीवाला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २४ अंशांच्या वर ते फार काळ राहिले, तर त्याची भूक मंदावते व रोग त्याला गाठतो. माळव्याच्या रात्री शीतल म्हणून नावाजलेल्या आहेत खऱ्या. पण मे महिन्यात धारेत काय अन् देवासात काय, दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि काचेच्या टाकीतील पाणी दिवस-रात्रीच्या सरासरीवर येऊन स्थिरावते. पाण्यावर पंखा सोडला तर कोरड्या हवेत ते माठाप्रमाणे काही अंश निवते. पण तेवढ्याने भागत नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर ही युक्तीही लंगडी पडते. बर्फ टाकावा, तर तापमानाचे हेलकावे त्या पिलाला बाधतात. उरते ते पाणी थंड राखणारे यंत्र व त्याला अखंड वीज. ज्या देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे दर आठवड्याला बदलावयाच्या पाण्याचाही विचार करावयास हवा. आणि ही जबाबदारी एका सुट्टीची नव्हे. हा प्राणी दहा-पंधरा वर्षे जगतो.

प्राणी पाळल्याने मुलांच्या अंगी दया व शिस्त येते, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याला आपण सुख देऊ शकत नाही त्याला घरी न आणणे, हाही दयेचाच एक प्रकार आहे. ज्या घरी थंड पाण्याची बारमाही सोय आहे, त्यांनी तो अवश्य पाळावा. मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा परदेशी प्राण्याची शासनाकडे नोंदणी करावी लागते, हे ध्यानात ठेवावे. आणि कंटाळा आला म्हणून त्याला धारच्या मुंज तलावात वा देवासच्या मीठा तालाबात सोडून देण्याचा अविचार कोणीही करू नये. तो त्या जीवावर अन्याय होईल आणि त्या तलावांवरही.

ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. पहिला पाऊस पडला की गावाबाहेरच्या डबक्यांत बेडकांची पिल्ले वळवळू लागतात. वडील माणसांस सोबत घेऊन, वही-पेन्सिलीसह रोज तेथे जावे. शेपटी केव्हा आखडते, मागचे पाय केव्हा फुटतात, ते टिपून ठेवावे आणि पिल्ले जेथल्या तेथे राहू द्यावीत. अशी एक वही जो विद्यार्थी मन लावून भरील, त्याच्या हाती पुढे कोणताही मुका जीव निःशंकपणे सोपवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.